काटा मध्यावर

धर्मराजाच्या रथाला डॅशबोर्ड नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. तो रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वरून चालायचा. ‘नरो वा कुंजरो वा’ झालं आणि चाकं धपकन जमिनीला टेकली. मालक खोटं बोलला की वाहन खाली बसतं, इतकी सरळ व्यवस्था पुढे कुठल्याही मोटार कारखान्याला जमलेली नाही. हल्ली उलटच झालंय. मालक बिचारा खरं काय ते विचारत असतो आणि खोटं बोलतं ते वाहन.

उगाच आरोप करत नाही. वेग दाखवणाऱ्या काट्याचंच घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत ३९ क्रमांकाचा एक नियम आहे. तो म्हणतो, काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल. किती जास्त? तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर ४ किलोमीटर. म्हणजे गाडी खरोखर १०० ने चालली असताना काट्याने ११४ दाखवले, तरी तो काटा कायद्याच्या दृष्टीने साळसूदच. आपल्याकडे मुलीच्या बापाला मुलाचा पगार सांगताना साधारण हाच नियम पाळतात, फक्त वरच्या ४ वर कुणी थांबत नाही.

इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा याहून मुरलेला. कित्येक गाड्यांत तो गाडी गरम झाली की मध्यावर येतो आणि तिथेच पाट मांडून बसतो. आतलं पाणी ८५ अंशांवर असो की १०० वर, हा मध्यावर. पाणी थोडं वरखाली झालं की काटा हलणार, काटा हलला की गिऱ्हाईक घाबरणार, आणि घाबरलं की गाडी घेऊन गॅरेजात येऊन बसणार. त्यापेक्षा काट्यालाच जरा समजूतदार केलेलं बरं! माझदाची मियाटा म्हणून एक छोटी, देखणी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार १९८९ साली निघाली. तिच्यात ऑइलचं प्रेशर दाखवणारा खराखुरा काटा होता. इंजिनाचा वेग कमीजास्त होईल तसा तो वरखाली व्हायचा, कारण प्रेशर तसं होतंच. १९९५ च्या मॉडेलपासून तबकडी तीच राहिली, काटाही तोच राहिला, पण त्याच्या मागे नुसता एक स्विच आला. प्रेशर किमान मर्यादेच्या वर असेल तर काटा मध्यावर, खाली गेलं तर काटा तळाला. मधलं काही नाही. एखाद्या माणसाला ‘काय, कसं काय?’ विचारलं की तो ‘उत्तम’ म्हणतो आणि एक दिवस थेट त्याच्या तेराव्याचंच बोलावणं येतं, त्यातला हा काटा.

हे ज्ञान मला जन्मजात नव्हतं. आमच्या पिढीने ज्या स्कूटरवर संसार केला तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकीचं झाकण उघडायचं, एक डोळा मिटून आत बघायचं आणि स्कूटर हलवून आवाज ऐकायचा. सत्य असं हाताने हलवून मिळायचं. काट्यांच्या स्वभावाविषयीची वरची सगळी विद्या मी गेल्या वर्षी योकोहामाला, भाच्याच्या शेजारच्या सीटवर पट्ट्याने जखडलेल्या अवस्थेत मिळवली.

भाच्याने निसानची जीटी-आर घेतली होती. जाणकार तिला आर ३५ म्हणतात. २००७ मध्ये आली आणि २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. हिची इंजिनं त्याच योकोहामाच्या कारखान्यात मोजक्या कारागिरांनी एकेक करून हाताने जुळवलेली. आपण सोनाराबद्दल जसं बोलतो तसं भाचा त्यांच्याबद्दल बोलतो. आईला मात्र त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, ‘जुनी गाडी घेतलीय गं, सेकंडहँड.’ शब्दश: खरं. धर्मराजाने याहून वेगळं काय केलं होतं?

या गाडीतली खरी वस्तू म्हणजे मधोमध असलेला माहितीचा पडदा. तो कुणी रचला असेल? ‘ग्रान तुरिस्मो’ हा मोटार शर्यतींचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ‘पॉलिफनी डिजिटल’ने! खऱ्या गाड्या पाहून ज्यांनी खोट्या गाड्या बनवल्या, त्यांच्याकडूनच खऱ्या गाडीने आपला चेहरा रंगवून घेतला. या पडद्याचा बाणा असा की, विचारा, सगळं सांगतो. पाण्याचं तापमान, इंजिन ऑइलचं तापमान, त्याचं प्रेशर, गिअरबॉक्समधल्या ऑइलचं तापमान, त्याचंही प्रेशर, टर्बोची हवा किती, पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद किती वाटली, पाय ॲक्सिलरेटरवर किती टक्के आहे, वळणावर अंग किती जोराने बाहेर फेकलं गेलं, सगळं. काट्याने, आलेखाने, आकड्याने. वर काही पानं मोकळी. त्यांवर आपल्या पसंतीची मीटरं आपण मांडायची. खाली तीन खटके आहेत: एक गिअरबॉक्सचा, एक शॉक ॲब्सॉर्बरचा, एक गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा. वर ढकलला की ‘आर’, म्हणजे शर्यत. शॉक ॲब्सॉर्बरच्या खटक्यावर ‘कम्फर्ट’ असाही एक मुक्काम आहे. मी बसलो की तो तिथे यायचा. मामाचा मान!

भाच्याने पहिल्या पानावर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान ठेवलं होतं. सिग्नलला थांबला की तो त्या आकड्याकडे असा बघायचा, जसं आजारी मुलाच्या तोंडातल्या थर्मामीटरकडे बघतात. भाचेसून गाडी चालवायला बसली की पान बदलायचं. तिचं पान पेट्रोलच्या हिशेबाचं. “मामा, बघा, लिटरला सहा,” ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. ते माझ्यासाठी नसायचं हे मी एकोणचाळीस वर्षं संसार केल्यामुळे ओळखत होतो. गाडी एकच, सत्यही एकच, पण नवऱ्याचं पान वेगळं आणि बायकोचं वेगळं.

मी म्हटलं, “इतकं कशाला रे बघायचं? साधा लाल दिवा पुरत नाही?”

“मामा, त्याला इंग्रजीत इडियट लाइट म्हणतात.” म्हणजे आपल्या भाषेत ठोंब्याचा दिवा. “तो लागतो तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझी गाडी आहे, माझ्यापासून लपवायचा कुणाला काय अधिकार?”

हे वाक्य लक्षात ठेवा. भाच्याने ते बुधवारी म्हटलं, आणि शनिवारी पुण्याहून त्याच्या धाकट्या भावाचा मेसेज आला. बरोबर आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, टू-डी इकोच्या रिपोर्टचा फोटो. आक्काला महिनाभर दम लागत होता. निरोगी हृदय दर ठोक्याला आत भरलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के बाहेर ढकलतं. डॉक्टर त्याला घरगुती भाषेत पंपिंग म्हणतात. आक्काचं पंपिंग ३५ होतं.

त्या घरात ३५ हा आकडा आधीच फार लाडका होता. त्या दिवशी तो कुणालाच उच्चारवेना.

थोड्या वेळाने भाचा म्हणाला, “मामा, आईला आकडा सांगायचा नाही. सगळं नॉर्मल आहे, थोडा अशक्तपणा आहे, असं सांगायचं. दादालाही तसंच कळवतो.” धाकट्या भावाला हा लाडाने दादा म्हणतो.

काटा मध्यावर आणून ठेवला होता त्याने. मागे नुसता स्विच.

आता मी त्याला बुधवारची आठवण करून दिली असती तर तो निरुत्तर झाला असता, पण माणसाला निरुत्तर केल्याने त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. मध्यावरच्या काट्याची बाजू मला कळते. घाबरलेला ड्रायव्हर रस्त्याकडे बघत नाही, काट्याकडे बघतो. आमच्या आईला शेवटपर्यंत तिच्या दुखण्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. तुळशीला पाणी घालत, सुनांना नावं ठेवत तिने दोन वर्षं मजेत काढली. ते खोटं होतं की माया होती, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. ज्यांना तो चटकन करता येतो, त्यांच्या घरी कुणी आजारी पडलेलं नसावं.

पण आक्का म्हणजे आई नव्हे. आक्काने एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. शिवाय ती रोज सकाळी पर्वती चढते. ‘नॉर्मल’ ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी ती पर्वतीच्या पायथ्याशी हजर होणार, आणि उतरल्यावर पोह्यांबरोबर लोणच्याची फोड घेणार. डॉक्टरांनी चढ बंद आणि मीठ कमी सांगितलं होतं. पर्वती का नको आणि लोणचं का नको, हे आकडा न सांगता तिला पटवणं म्हणजे बेरीज न दाखवता उत्तर मान्य करायला लावणं. ते तिने चौथीच्या मुलांचंही कधी चालू दिलं नाही.

या जीटी-आरमध्ये आणखी एक गंमत आहे. जपानी गाड्यांना ताशी १८० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारी एक वेसण असते. ही गाडी तशी ३०० च्या वर पळणारी, पण तिलाही ती आहे. फक्त फुजीसारख्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेली की आपण कुठे आहोत ते तिला उपग्रहावरून समजतं, आणि मग पडद्यावर तुम्ही सांगितलंत तर ती वेसण सुटते. मला यातलं गाडीचं शहाणपण एवढं भावलं नाही. भावलं ते हे, की वेसण आहे हे गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असतं. चोरून घातलेली नसते. आणि सोडायची की नाही याचा खटका त्याच्या हातात असतो.

मी भाच्याला म्हटलं, “खरं सांगायचं की खोटं, हे आपण दोघांनी इथे बसून कशाला ठरवायचं? तुझ्या पडद्यावर कुठलं पान लावायचं ते तू ठरवतोस. तिच्या पडद्यावरचं पान तिला ठरवू दे. कदाचित ती आईसारखं म्हणेल, काही सांगू नका. मग मी ब्र काढणार नाही.”

“आणि तिने धसका घेतला तर?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचेसुनेकडे होतं. ती म्हणाली, “महिनाभर रात्री तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपताहेत त्या. त्यांना माहीत नसेल असं वाटतं तुम्हाला? फक्त आकडा माहीत नाही.”

फोन लावला. पुण्यात दुपारचा चहा चालू होता. पडद्यावर आधी बराच वेळ छताचा पंखा दिसला, मग आक्काचं कपाळ, मग आक्का.

मी म्हटलं, “आक्का, तुझा रिपोर्ट आलाय. किती सांगू?”

“किती म्हणजे? भाजी आहे का पाव किलो द्यायला? हा इथे सकाळपासून माझ्याकडे बघून उगाच हसतोय, तेव्हाच मी समजले. आकडा सांग.”

मी सांगितला. चढ, मीठ, गोळ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा डॉक्टर, तेही सांगितलं. आक्का थोडा वेळ काही बोलली नाही. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“शंभरपैकी?”

“शंभर कुणालाच मिळत नाहीत. चांगल्यात चांगल्या हृदयाला सत्तरच्या आसपास.”

“कडक तपासतात,” आक्का म्हणाली. “पस्तीस म्हणजे काठावर, पण पास. काठावरची पोरं मी कमी नाही पुढे नेली. पर्वती बंद. लोणच्याचं बघू. गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून पाठव.” मग तिने फोन जवळ घेतला, इतका की आम्हाला फक्त चष्माच दिसायला लागला. “तो कुठाय? शेजारी बसलाय ना? त्याला म्हणावं, ती जुनी गाडी केवढ्याला घेतली?”

भाचा गडबडला. “आई, ते जाऊ दे ना आत्ता. तुझं हार्ट...”

“माझा आकडा कळला मला. तुझा सांग.”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी आणि भाचेसून खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होतो.