पत आणि अब्रू

'पत' हा आपल्या भाषेतला मोठा मजेदार शब्द आहे. बाजारात त्याचा अर्थ उधारी मिळण्याची लायकी; घरात त्याचा अर्थ अब्रू. गरिबाला कर्ज देताना यांतले नेमके काय तारण घ्यावे, हा प्रश्न मला अलीकडे स्वस्थ बसू देत नाही.

सावकाराचे तारण उघड होते : जमीन, दागिना, भांडीकुंडी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः कर्जरोखे जाळण्यासाठी. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत काय दिसले? शेतकऱ्याने काढलेल्या दर १०० रुपयांत सहकारी संस्थांचे जेमतेम ३, सावकारांचे ७० च्या घरात! पतपेढी कागद मागे. सावकार माणूस ओळखे.

ही उणीव बचत गटांनी पुष्कळशी भरून काढली. १९९२ साली नाबार्डने गट बँकांना जोडायला प्रारंभ केला, आणि नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या बाईला शेजारणींच्या शब्दावर कर्ज मिळू लागले. फार सुंदर कल्पना! गटाची हमी पुढे खासगी कंपन्यांनीही उचलली.

मास्तराकडे गावातली माणसे कागद वाचून घ्यायला येतात. अशीच एक बाई कर्जाचे कार्ड घेऊन आली. हप्ता आठवड्याचा. म्हैस आटली, हप्ता चुकणार असे दिसले, तेव्हा गटातल्या बाया तिच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्या दुष्ट नव्हत्या. हिचा हप्ता त्यांच्या अंगावर पडणार होता. "पैशाचं काही नाही, गुरुजी, पण पोरीदेखत बसल्या हो," ती म्हणाली. हप्ता तिने भरला, सावकाराकडून पैसे काढून. कार्डावर सगळ्या सह्या जिथल्या तिथे होत्या. वसुली चोख!

गहाण जमीन सोडवता येते. गहाण पडलेला शेजारधर्म कुणी सोडवायचा?

कुणी म्हणेल, धाक नसेल तर पैसा परत येणार नाही, मग पुढच्या बाईला कोण देईल? खरे आहे. घेतलेले फेडणे हा धर्मच आहे. पण थांबणे हाही देणाऱ्याचा धर्म आहे. म्हैस पुन्हा व्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ संस्थेने आपल्या हिशेबात धरावा. कारण थांबण्याची ऐपत तिच्याजवळ आहे, शेजारणीजवळ नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाचा इतका बभ्रा झाला, की सरकारला वटहुकूम काढावा लागला. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने कुटुंबाच्या हप्त्यांना त्याच्या मिळकतीच्या निम्म्याची मर्यादा घातली. ठीकच झाले. परंतु लाजेला मर्यादा घालणारे कलम कुठल्या कायद्यात लिहिणार? ते देणाऱ्याच्या मनातच असावे लागते.

लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीवर आपण 'शुभ लाभ' लिहितो. आपल्या वाडवडिलांनी त्यांत 'शुभ' आधी ठेवले आहे, हे पैसा देणाऱ्याने विसरू नये.