पडलेल्यांना परत घेताना

इ.स. 250च्या सुमारास सम्राट डेशियसने प्रजेला देवतांपुढे बळी देण्याचा हुकूम सोडला. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, तर काहींनी पैसे चारून नुसते दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर हीच माणसे मंडळीच्या दाराशी आली. त्यांना देव क्षमा करील तर करो, मंडळीने करू नये, असे रोमच्या नोव्हेशियनचे मत. उलट काही जण तुरुंग सोसलेल्यांच्या शिफारशी घेऊन थेट प्रभुभोजनाला बसू पाहत होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन (छळात तो स्वतः अज्ञातवासात होता, हे विरोधक विसरले नव्हते) दोघांशीही भांडला. 251च्या कार्थेजच्या बिशपांच्या सभेने दाखलेवाल्यांना प्रायश्चित्तानंतर परत घेतले. बळी देणाऱ्यांना मात्र मरणसमयापर्यंत थांबवले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच त्यांनाही प्रवेश मिळाला, कारण लढाईपूर्वी त्यांना बळ हवे होते.

मला हे कारणच महत्त्वाचे वाटते. ख्रिस्ती क्षमा जुना हिशेब पुसून थांबत नाही, ती पडलेल्यावर पुन्हा भरवसा टाकते. योहानाच्या शुभवर्तमानात तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला येशू तीनदा प्रेमाविषयी विचारतो आणि प्रत्येक वेळी मेंढरांची जबाबदारी देतो. पडलेल्यांना असे परत घेण्यात हुतात्म्यांचा अपमान होतो, हा आक्षेप हलका नाही. पण प्रायश्चित्त त्यासाठीच होते: पतन लपवले गेले नाही. शिवाय परंपरेनुसार पेत्रही पुढे हुतात्माच झाला. नोव्हेशियनची कठोरता शुद्ध दिसते, पण पेत्राला तिच्यात जागा नाही. 325च्या निकिया परिषदेने नोव्हेशियनच्या पंथातून परतणाऱ्या पाळकांकडून लेखी कबुली मागितली, पतितांशी सहभागिता ठेवण्याची.