विरूप आणि विशृंखल

भंडारदऱ्याला, शेंडीकडच्या काठावर, एप्रिलच्या निरभ्र रात्री सप्तर्षी न्याहाळत असता, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही सहज म्हणाले, ‘‘ज्या दीर्घिकेला आकारच नाही, तिच्यात कायदा कुठला?’’ ते वाक्य मला तेव्हापासून सलते आहे.

सर्पिल दीर्घिकांची शिस्त वाचकांना ठाऊकच आहे: भुजांतून घनतेची लाट जाते, वायू दाटतो, तारे जन्मतात. लहान, अनियमित दीर्घिकांना अशा भुजा नसतात. वायू उदंड, पण त्याला निववणारी धूळ व जड मूलद्रव्ये तुटपुंजी. आणि अतिनवतारे फुटले की दुबळ्या गुरुत्वाला वायू आवरत नाही, म्हणून तारे कधी इथे, कधी तिथे, थांबत थांबत जन्मतात. विरूप निराळे आणि विशृंखल निराळे, असे मी बजावले. ‘‘कारणांची यादी म्हणजे व्यवस्था होत नाही,’’ हे त्यांचे उत्तर, आणि त्याला माझ्यापाशी तोड नव्हती.

समोर विल्सन धरण होते, १९२६ साली पुरे झालेले. सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, प्रवरेच्या कालव्यांना पाणी मात्र आवर्तनांनीच मिळते. साठ्याचा हिशेब वेगळा, सोडणुकीचा वेगळा. स्नेह्यांची हयात ज्या भेदात गेली, तोच त्यांनी आकाशाला लावला नव्हता.

आकाशात तो भेद दाखवणारी एक दीर्घिका आहे. खोडदच्या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि कराचेंत्सेव या खगोलशास्त्रज्ञांनी एनजीसी ३७४१ ही चिमुकली दीर्घिका पाहिली. ताऱ्यांचा प्रकाश जिथे सरतो त्याच्या आठपटींहून दूरवर हायड्रोजनची तबकडी पसरलेली आणि फिरत असलेली आढळली, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या दीर्घिकांच्या तबकड्या आतून बाहेर वाढतात. पुष्कळ लहानग्यांत मात्र ताऱ्यांचे जन्मस्थान केंद्राकडे आकसत जाते आणि बाहेरचा विरळ वायू शिल्लक राहतो.

ताऱ्यांच्या जन्मात कायदा दाखवायला मी निघालो होतो. आता कबूल करतो की त्या जन्मांना वेळापत्रक नाही, आणि स्नेही तेवढ्यापुरते खरे होते. पण शृंखला आहे, ती न उजळलेल्या साठ्याच्या भ्रमणात. उजेडावरून दीर्घिकेचा निवाडा करणे हीच चूक. सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी ३७४१चा तो वायू फिरतो आहे, आणि त्यातला बहुतेक अजून तारा झालेला नाही.