कॅमेऱ्यामागचा आवाज

तीन तासांची व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवून घ्यायला तीन तासच लागतात. संगणक कितीही नवा घ्या, त्यातली पाच मिनिटंही वाचत नाहीत. पेनड्राइव्हवरचा अख्खा सिनेमा चहाला उकळी येईपर्यंत कॉपी होतो, याची सवय लागलेल्या माणसाला हे फार जाचतं. पण फितीवर फाइल नसते. तिच्यावर असतात तिरक्या चुंबकीय रेषा, एकीशेजारी एक. व्हीसीआरमधला ड्रम आपल्याकडच्या पॅल पद्धतीत मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो, त्यावरचे दोन हेड आळीपाळीने त्या रेषा वाचतात, आणि अर्धा इंच रुंदीची फीत त्यांच्यासमोरून सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटीमीटर सरकते. एका फेरीत एक चित्र, सेकंदाला पंचवीस. घाई केली की चित्र फाटतं. त्यामुळे मुंजीचं शूटिंग जेवढा वेळ चाललं असेल तेवढा वेळ आज पुन्हा बसायचं.

कॅसेट लावून बाहेरची कामं उरकून येऊ, असं मनात येतं. येऊ नये. ट्रॅकिंग सरकतं, फीत गुंडाळली जाते, मध्येच पडद्यावर मुंग्या येतात. राखण करायला कोणीतरी लागतंच.

आणि हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखंही नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या कॅसेटवर मुंबई-कोकणचे पंचवीस-तीस पावसाळे गेलेले असतात. खिडकीतून आत बघितलं तर फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली, तर हेड तर खराब होतोच, शिवाय तीच बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. दुसरी अडचण यंत्राची. व्हीसीआर बनवत राहिलेली फुनाई ही जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली, म्हणजे आता जे आहेत ते जुनेच. २०१९ मध्ये युनेस्कोने तर जगभरच्या संग्रहांना सावध केलं होतं की २०२५च्या सुमारास चुंबकीय फिती वाचणारी चालू यंत्रं मिळणं कठीण होऊन बसेल. ते वर्ष येऊन गेलं. घराघरांतल्या कपाटांकडे कोणती संस्था लक्ष देणार?

तयारी तशी फार नाही. चालू व्हीसीआर, पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली वायर, आणि ते चित्र डिजिटल करून संगणकाला देणारं कॅप्चरचं छोटं उपकरण. हँडीकॅमच्या लहान कॅसेट असतील, व्हिडिओ-८ किंवा हाय-८ जातीच्या, तर १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल-८ प्रकारचा कॅमेरा कोणाकडे मिळतो का ते बघावं. त्यातले पुष्कळसे या जुन्या कॅसेटही वाचतात आणि फायरवायरने डिजिटल चित्र थेट संगणकाला देतात. त्या चित्राला तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. आकडा बघून लोक इथे काटकसर करायला जातात आणि पहिलीच प्रत दाबून लहान करतात. तसं करू नये. जुनं टीव्हीचं चित्र आधी विषम, मग सम अशा ओळींनी बनायचं. संगणकाच्या पडद्यावर त्याच्यातल्या हलत्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. ते नंतर नीट करता येतं, पण पूर्ण प्रत हाताशी असेल तर. एकदा कुस्करलेल्या प्रतीत ते दात कायमचे बसतात.

आणखी एक: कॅसेट आत घालण्याआधी तिच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडलेली आहे ना, ते बघून घ्यावं. पट्टी शाबूत असेल आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर बारशावर निळा पडदा उमटेल. क्रिकेटच्या मॅचखाली गाडली गेलेली बारशी काही कमी नाहीत. न्यू जर्सीहून मामेभावाने पाठवलेली कॅसेट मात्र खराब समजून टाकू नये. तिकडची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची आणि सेकंदाला जवळपास तीस चित्रांची. आपल्या साध्या व्हीसीआरवर ती धड दिसतच नसे. दोन्ही पद्धती वाचणारं यंत्र मिळालं तर आत सगळं जागेवर असतं.

आता त्या तीन तासांबद्दल.

घरच्या कॅमेऱ्याने केलेल्या शूटिंगमध्ये एक माणूस कधीच दिसत नाही, तो म्हणजे शूटिंग करणारा. बहुतेक घरांत ते वडील, नाहीतर आखाती देशातून कॅमेरा घेऊन आलेला काका. पण माइक कॅमेऱ्याच्याच नाकावर असतो, त्यामुळे दिसत नसलेल्या या माणसाचा आवाज सगळ्यांत मोठा. ‘अगं, इकडे बघ ना.’ ‘तोंडावरचा हात काढ.’ ‘अहो भावोजी, जरा सरका, आईला घेतोय.’ गडाच्या पायऱ्या चढताना लागलेली त्याची धाप ऐकू येते. मुलाने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तो काहीच बोललेला नसतो, फक्त चित्र जरा हललेलं असतं. फोटोंच्या अल्बममध्ये ज्याचे चार-पाचच फोटो निघतात, असा माणूस या फितीवर अखंड हजर असतो. त्याने काय बघितलं तेही कळतं. एका बारशाच्या कॅसेटमध्ये सगळा घोळका पाळण्याभोवती, गोविंद घ्या, गोपाळ घ्या चाललेलं, आणि कॅमेरा मात्र हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे वळतो. तिथे शूटिंग करणाऱ्याची आई पदराला हात पुसत उभी. चांगले पंधरा-वीस सेकंद तो तिथेच थांबतो. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

कधी कधी बटण बंद करायचं राहून गेलेलं असतं. कॅमेरा खांद्याला लटकलेला, चित्रात नुसती फरशी आणि चपला. आवाज मात्र चालू: कुकरची शिट्टी, आतल्या खोलीत बायकांचं हलक्या आवाजातलं कोणाबद्दलचं तरी बोलणं, वाढप्यांची घाई, दूरदर्शनच्या बातम्यांची धून. पाहुण्यांसाठी सजवलेल्या घराच्या मागचं खरं घर तेवढ्यापुरतं ऐकू येतं.

लग्नाच्या कॅसेटची तऱ्हा वेगळी. तिथे खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, बरोबर सनगन धरून उभा पोरगा, आणि त्या झगझगीत उजेडात डोळे मिचकावत अक्षता टाकणारे पाहुणे. महिन्या-दोन महिन्यांनी कॅसेट घरी यायची ती ‘मिक्सिंग’ होऊन. नवरा-नवरी बदामात गोल फिरताहेत, ताट-वाटी-पान अशा आकारांत चित्र उघडतं-मिटतं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या वर्षीची हिंदी गाणी. त्या काळी याचं भारी अप्रूप होतं, आणि पैसेही त्याचेच मोजलेले असायचे. मूळ कॅसेट बहुधा स्टुडिओतच राहायची, आणि कोरी फीत महाग म्हणून पुढच्या लग्नाला तीच वापरली जायची. आज ती मिक्सिंगवाली कॅसेट लावली की आजी उखाणा घेताना दिसते, ओठ हलतात, सगळे हसतात, आणि ऐकू येतं ते सिनेमातलं गाणं. आजीचा उखाणा काय होता, हे आता घरात कोणालाच आठवत नाही. हे मला संपादनाने केलेलं सगळ्यांत मोठं नुकसान वाटतं. करणाऱ्याने ते हौसेने केलं होतं आणि आपणही हौसेनेच करून घेतलं होतं.

संगणकात फीत उतरली की तीच हौस आपल्या हातात येते. सॉफ्टवेअरमध्ये पहिली कात्री लागते ती हललेल्या चित्रांना, मग ‘हात काढ, इकडे बघ’ला, मग फरशी-चपलांना. मग खाली संथ पियानो. आता तर चेहरे धारदार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे. व्हीएचएसच्या चित्रात आडव्या दिशेने टिपलेला तपशील मुळात २४० ओळींच्या आसपासचा; जे टिपलंच गेलं नाही ते यंत्र अंदाजाने भरतं. आजोबांचा चेहरा सुबक निघतो खरा, पण तो आजोबांचाच असेल याची हमी नाही. अंधुक असले तरी आपलेच आजोबा बरे, असं माझं मत आहे. ते जुनाट वाटलं तरी चालेल.

पाहुण्यांना दाखवायला दहा मिनिटांची फिल्म करायला काहीच हरकत नाही. पूर्ण तीन तास फक्त घरचेच सोसू शकतात, आणि तेही चिवडा-लाडू समोर असेल तर. पण ती फिल्म करायची वेगळ्या प्रतीवर. मूळ फाइल जशीच्या तशी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि कॅसेटही लगेच भंगारात देऊ नये. उद्या याहून चांगली उतरवून घ्यायची सोय निघू शकते.

उतरवताना शेजारी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बसवून घ्यावं. हिरव्या साडीतली ही कोण, पंगतीत आग्रह करणारा तो गृहस्थ कोणाकडचा, हे आत्याला माहीत असतं. आपल्याला नसतं आणि आपल्या मुलांना तर नसणारच. ती सांगेल ती नावं तिथल्या तिथे वेळेसकट लिहून काढावीत. आणि फाइलला नाव देताना ‘मुंज १९९४’ एवढ्यावर न थांबता, शूटिंग कोणी केलं तेही त्यात घालावं.