आवृत्ती आणि उद्दिष्ट: इंग्रजीच्या वर्गातील साप्ताहिक नियोजनाचा तात्त्विक विचार

इंग्लंडमधील माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाला दर आठवड्याला जे पाठटाचण करावे लागते, ते वरवर पाहता निव्वळ कारकुनी काम वाटते. परंतु त्याच्या रकान्यांमागे ज्ञानाच्या स्वरूपाविषयीची एक निश्चित भूमिका दडलेली असते. आकलनाचे तुकडे पाडता येतात, एकेक तुकडा एकेका तासिकेत बसवता येतो आणि घंटा होईपर्यंत तो विद्यार्थ्याच्या पदरात पडला की नाही हे शिक्षकाला सांगता येते, अशी ही भूमिका आहे. ती व्याकरणाच्या नियमांना किंवा शुद्धलेखनाला लागू पडत असेलही. साहित्यकृतीच्या अर्थाला ती लागू पडते का, हा खरा प्रश्न आहे, आणि भारतीय भाषातत्त्वज्ञानाने तो फार पूर्वी, वेगळ्या संदर्भात का होईना, नेमकेपणाने मांडला आहे.

युनायटेड किंग्डमच्या चारही घटकांत शालेय शिक्षणाची व्यवस्था वेगवेगळी असल्याने येथील विवेचन इंग्लंडपुरतेच आहे. तेथे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या जीसीएसई या शालान्त परीक्षेचा साहित्याचा अभ्यासक्रम २०१५ पासून बदलला. शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी, १९१४ नंतरची एक ब्रिटिश कथात्मक किंवा नाट्यकृती आणि किमान पंधरा कविता विद्यार्थ्याने समग्र वाचाव्यात, आणि परीक्षेला मात्र पुस्तक जवळ न बाळगता बसावे, अशी ही रचना आहे. शाळा या मजकुराची वाटणी अर्ध्या सत्रांमध्ये, म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांच्या टप्प्यांमध्ये करतात. या टप्प्याच्या आराखड्याला तेथे ‘स्कीम ऑफ वर्क’ म्हणतात, आणि आपल्याकडील घटक नियोजनाशी त्याचे बरेच साम्य आहे. त्यातून आठवडा आणि आठवड्यातून तासिका काढली जाते, आणि बऱ्याच शाळांत तासिकेच्या आरंभी त्या दिवसाचे उद्दिष्ट फळ्यावर लिहिले जाते.

‘मॅकबेथ’ नाटकाचे उदाहरण घेतले तर अडचण कोठे आहे ते दिसते. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजाचा खून झाल्यावर हात रक्ताने माखलेले असताना लेडी मॅकबेथ पतीला समजावते की थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल. हा प्रवेश नियोजनात दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि त्या दिवशीचे उद्दिष्ट बहुधा ‘लेडी मॅकबेथचा निर्धार तिच्या भाषेतून कसा व्यक्त होतो हे स्पष्ट करता येणे’ अशा धर्तीचे असते. विद्यार्थी ते स्पष्ट करतात, वहीत उतरवतात आणि उद्दिष्ट साध्य झाल्याची नोंद होते. पुढे पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात तीच स्त्री झोपेत चालत येते आणि हातावरचा न दिसणारा डाग पुनःपुन्हा चोळून काढू पाहते. वैद्य आणि दासी हे पाहत उभे असतात. त्या क्षणी दुसऱ्या अंकातल्या पाण्याचा अर्थ पहिल्यांदा उलगडतो, आणि जो निर्धार म्हणून शिकवला गेला तो निर्धार होता की भीतीवर ओढलेले पांघरूण होते, हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे त्या दिवशी साध्य झाले म्हणून नोंदलेले उद्दिष्ट त्या दिवशी साध्य होणे शक्यच नव्हते. दोष शिक्षकाचा नाही. नाटकाची बांधणीच तशी आहे.

पाचव्या शतकातील वैयाकरण भर्तृहरी याने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात नेमका हाच पेच हाताळला. वर्ण एकामागून एक उच्चारले जातात आणि उच्चारताक्षणी नष्ट होतात, मग वाक्याचा एकसंध अर्थ येतो कोठून, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की वाक्य मुळात अखंड आहे; क्रम उच्चाराला असतो, अर्थाला नसतो. या अखंड अर्थवाहक तत्त्वाला परंपरेत स्फोट म्हणतात, आणि अर्थाच्या एकदम होणाऱ्या प्रत्ययाला तो प्रतिभा म्हणतो. आधीचा प्रत्येक ध्वनी अस्पष्ट ज्ञान देतो व मनावर संस्कार ठेवून जातो, आणि अखेरच्या ध्वनीसह ते सारे संस्कार परिपक्व होऊन अर्थ प्रकट होतो. हे समजावताना भर्तृहरीने दिलेला दाखला थेट अध्ययनाचाच आहे: वेदातील अनुवाक किंवा एखादा श्लोक आवृत्तीने आत्मसात होतो, पण म्हणून प्रत्येक आवृत्तीगणिक तो ग्रंथ पूर्णपणे निश्चित होत जातो असे नाही. फळ्यावरील उद्दिष्टाचा सारा भर नेमका याच्या उलट गृहीतकावर आहे, की प्रत्येक आवृत्तीचा हिशेब त्या आवृत्तीपुरता चुकता करता येतो.

स्फोटवादाला विरोध नव्हता असे मात्र नाही. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट याने ‘श्लोकवार्तिका’त तो खोडून काढला, वर्ण आणि त्यांचे संस्कार एवढ्यावरच अर्थबोध होत असेल तर अखंड स्फोट नावाचा आणखी एक पदार्थ मानण्याचे कारण काय, असा त्याचा रोखठोक सवाल होता. इंग्लंडमधील आजचे अनेक शिक्षक, नकळत, कुमारिलाच्या पक्षाचे आहेत. तासिकेची सुरुवात ते पाच-सहा छोट्या प्रश्नांनी करतात, त्यांतले काही कालच्या पाठावरचे, काही गेल्या महिन्यातले असतात, आणि त्यामागे हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्मरणाच्या प्रयोगांपासून चालत आलेला विचार आहे. पात्रांची नावे, प्रवेशांचा क्रम, अवतरणे हे सारे साचत गेले की समज त्यातूनच येते, अशी त्यांची धारणा असते. ही धारणा अपुरी असली तरी टाकाऊ नाही. दोन्ही पक्षांना संस्कार मान्य आहेत, आणि पुस्तकाविना परीक्षा द्यायची असेल तर दुसऱ्या अंकातले पाणी ज्याला आठवतच नाही त्याला पाचव्या अंकातला डाग काहीही सांगणार नाही.

प्रश्नाची धार्मिक बाजू इतिहासात सापडते. १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे शाळातपासनीस असलेला कवी मॅथ्यू आर्नल्ड याने १८८० मध्ये असा विचार मांडला की धर्माची जी जागा रिकामी होत आहे ती उत्तरोत्तर कवितेला भरून काढावी लागेल. हेन्री न्यूबोल्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९२१ च्या अहवालाने तर साहित्याच्या प्राध्यापकाला मिशनऱ्याची भूमिका देऊ केली. यात भारताचाही वाटा आहे, आणि तो इंग्लंडमध्ये क्वचितच आठवला जातो: गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कन्क्वेस्ट’ या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, धार्मिक तटस्थतेचे धोरण असल्याने बायबल शिकवू न शकणाऱ्या कंपनी सरकारने नीतिशिक्षणासाठी इंग्रजी साहित्याचा आधार घेतला, आणि हा विषय अभ्यासक्रम म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजला. इंग्रजीच्या वर्गाकडे धर्माचे काम आले ते असे. मोजमापाची रीत मात्र त्याने धर्माकडून घेतली नाही. ती आली १८६२ च्या सुधारित संहितेतून, जिने शाळेचे अनुदान विद्यार्थ्यांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेतील यश यांच्याशी जोडले. आर्नल्डने या संहितेला कडाडून विरोध केला होता, आणि त्यासाठी त्याने नोकरीतील वरिष्ठांची नाराजीही पत्करली.

धर्माची रीत काय होती? अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनाग्रंथात स्तोत्रसंहितेची विभागणी महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी केलेली आहे. महिना संपला की पहिल्या स्तोत्रापासून पुन्हा आरंभ होतो. महाराष्ट्रात ‘ज्ञानेश्वरी’चे किंवा ‘गुरुचरित्रा’चे सप्ताह-पारायण असेच दिवसवार आखलेले असते. नियोजन येथे काटेकोर आहे, किंबहुना शाळेपेक्षा जास्तच; पण ते पठणाचे आहे, आकलनाचे नाही. चौथ्या दिवशी श्रोत्याला काय कळले पाहिजे हे कोणी लिहून ठेवत नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे काही मागतात ते केवळ अवधान, त्याच्या बदल्यात मिळणारे सुख त्यांनी सांगितले आहे, पण त्याला दिवस नेमून दिलेला नाही.

तरीही पारायणाचा नमुना जसाच्या तसा शाळेत आणणे अन्यायाचे ठरेल. ज्याला समजेल त्याला समजेल ही वृत्ती अधिकारभेदाच्या कल्पनेला चिकटून येते, आणि अधिकाराच्या नावाखाली स्त्रियांना व शूद्रांना वेदाध्ययनापासून दूर ठेवले गेले हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्येही १८६१ च्या न्यूकॅसल आयोगाची तक्रार हीच होती की शिक्षक वरच्या वर्गातील हुशार मुलांकडे लक्ष देतात आणि बाकीची तशीच राहतात. १८६२ ची संहिता कितीही यांत्रिक असली तरी तिने एकेका मुलाची परीक्षा घ्यायला लावली. फळ्यावरचे उद्दिष्ट त्याच परंपरेतले आहे. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत त्याला वर्गात आज काय चालले आहे हे उघडपणे सांगितले जाते, ही त्याची जमेची बाजू कोणत्याही तत्त्वज्ञानाने पुसली जात नाही.

शिक्षकांवरील कामाच्या बोज्याचा विचार करणाऱ्या शासकीय गटाने मार्च २०१६ मध्ये नियोजनाविषयी जो अहवाल दिला, त्यात सुट्या पाठटाचणापेक्षा पाठांच्या क्रमाचे नियोजन महत्त्वाचे मानले आहे. ऑफस्टेड ही तपासणी संस्थादेखील प्रत्येक तासिकेचे टाचण मागत नाही. या सवलतीचा उपयोग काम कमी करण्यापुरताच झाला तर ती वाया गेली असे म्हणावे लागेल. पाचव्या आठवड्याच्या रकान्यात दुसऱ्या अंकातील प्रवेश पुन्हा वाचण्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवणे आणि दुसऱ्या आठवड्यातील नोंदीत ‘साध्य’ऐवजी ‘पुढे परत यावयाचे’ असे लिहिणे, एवढा बदल शिक्षकाच्या हातात आहे. भर्तृहरीच्या विवेचनात अखेरचा ध्वनी कोणता ते निश्चित असते. विद्यार्थ्याच्या बाबतीत अखेरची आवृत्ती कोणती हे ठरलेले नसते, आणि शाळेच्या अकराव्या वर्षातील वर्गाला मे महिन्यात द्यावी लागणारी परीक्षा ती तारीख केवळ प्रशासनाच्या सोयीने ठरवते.