वर्तमानकाळ केवढा असतो?

इंग्रजी वाक्यात ‘नाउ’ आले की क्रियापद कोणत्या रूपात ठेवायचे, हा शाळेच्या व्याकरणातला प्रश्न आहे. त्याच्या मागे त्याहून कितीतरी जुना प्रश्न उभा आहे. ‘आत्ता’ म्हणजे नेमका केवढा काळ? क्षणभर, तासभर, की जन्मभर? आणि झालेले व व्हायचे ही दोन वेगळी काढली, तर वर्तमान म्हणून काही उरते तरी का? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर मोठा वाद घातला आहे, आणि त्या वादातली उदाहरणे बहुतेक क्रियापदांचीच आहेत.

आधी इंग्रजीची रीत पाहावी. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा ते नांदेड लोहमार्गावर चुडावा हे छोटे स्थानक आहे. तिथे गाडी दृष्टीच्या टप्प्यात आली, तर इंग्रजीत ‘द ट्रेन इज कमिंग नाउ’ म्हणतात. ‘द ट्रेन कम्स नाउ’ हे कानाला खटकते. ‘नाउअडेज’ आले की बहुधा साधा वर्तमानकाळ येतो: ‘नाउअडेज ट्रेन्स स्टॉप हिअर’. गाडी नुकतीच सुटली असेल तर ‘द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट’; पण त्याच ‘जस्ट’ला ‘नाउ’ जोडले की क्रियापद सरळ भूतकाळात जाते, ‘इट लेफ्ट जस्ट नाउ’. ‘स्टिल’ चालू राहिलेल्या गोष्टीचे, ‘ऑलरेडी’ अपेक्षेच्या आधी उरकलेल्याचे, ‘यट’ व्हायचे राहून गेलेल्याचे. जाणणे, मानणे, असणे अशा क्रियापदांना मात्र ‘नाउ’ लागले तरी सहसा ‘-इंग’ लागत नाही. ‘आय नो नाउ’ चालते, ‘आय ॲम नोइंग नाउ’ चालत नाही.

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि हे नियम मुलांना परके म्हणून शिकवले जातात. परभणी-नांदेडकडच्या मुलांना ते तितके परके नाहीत. त्यांच्या घरच्या बोलीत ‘पाऊस पडतो’ आणि ‘पाऊस पडायलाय’ ही दोन वेगळी रूपे आहेत. ‘पावसाळ्यात पाऊस पडतो’ ही रीत झाली. ‘आत्ता पाऊस पडायलाय’ म्हटले की अंगणातले कपडे काढायला धावायचे. ‘काय करायलास?’, ‘जेवायलोय’, ‘गाडी यायलीय’ ही रूपे त्या मुलांच्या तोंडात बसलेलीच असतात. प्रमाण मराठीत ‘पडतो’ हे एकच रूप बऱ्याचदा दोन्ही कामे भागवते. बोलीने मात्र ती वाटून दिली आहेत. या बोलीला अशुद्ध म्हणून गप्प करणारा शिक्षक इंग्रजी शिकवण्याचे हाताशी असलेले साधनच टाकून देतो.

आता मूळ प्रश्न. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक आक्षेप मांडला आहे. देठापासून सुटलेले फळ खाली येत आहे. जेवढे अंतर ते आले तेवढा भूतकाळ, जेवढे यायचे आहे तेवढा भविष्यकाळ. मधे तिसरे अंतर कुठे आहे, ज्याला धरून ‘पडत आहे’ म्हणावे? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात चालण्याबद्दल याच धाटणीचा प्रश्न केला: चालून झालेली वाट आणि न चाललेली वाट सोडली, तर चालली जात असलेली वाट कोणती? त्याला यातून दाखवायचे होते ते हे की गती, काळ, चालणारा, यांपैकी कशालाही स्वतःचे स्वतंत्र स्वरूप नाही.

न्यायसूत्रांचा कर्ता गौतम याचे त्या आक्षेपाला उत्तर थोडक्यात असे. वर्तमान नसेल तर भूत आणि भविष्य यांनाही आधार राहत नाही, कारण ती दोन्ही वर्तमानाच्याच अपेक्षेने ठरतात. एकमेकांवरून ती सिद्ध करू म्हटले तर दोन्ही अधांतरी राहतात. शिवाय प्रत्यक्ष ज्ञान होते ते समोर असलेल्या वस्तूचे. वर्तमानच काढून टाकले तर प्रत्यक्ष गेले, आणि प्रत्यक्षावर उभे असलेले बाकीचे ज्ञानही गेले.

पण खरी उकल भाष्यकार वात्स्यायनाची आहे. त्याने काळ मोजण्याचा नाद सोडला आणि चुलीकडे पाहिले. ‘शिजवतो आहे’ म्हणजे काय? भांडे चुलीवर चढवणे, पाणी ओतणे, तांदूळ वैरणे, लाकडे सारणे, जाळ करणे, पळीने ढवळणे, पेज गाळणे, भांडे उतरवणे. यांतले कोणतेही एक काम म्हणजे शिजवणे नव्हे, आणि सगळी एका क्षणात मावत नाहीत. तरीही भांडे चढल्यापासून उतरेपर्यंत ‘शिजवतो आहे’ हे खरे असते, कारण त्या सगळ्यांचा हेतू एक आहे. लाकूड तोडण्याचे उदाहरण जरा निराळे: तिथे कुऱ्हाड उचलणे आणि घालणे हे एकच काम पुन्हापुन्हा होते. म्हणजे वर्तमान हा बिंदू नाही. सुरू झालेले आणि न संपलेले काम जेवढे लांब, तेवढा तो रुंद.

व्याकरणकारही याच ठिकाणी पोचले होते. पाणिनीने वर्तमानाचे रूप सांगितले, आणि इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्यात त्यावर चर्चा केली. ‘आम्ही इथे शिकतो’ म्हणणारा विद्यार्थी त्या क्षणी शिकत नसेलही. जेवणारा माणूस मधेच हसतो, बोलतो, पाणी पितो. तेवढ्याने त्याचे जेवण मोडत नाही. आरंभलेले जोवर थांबले नाही तोवर ते वर्तमानच. वर्तमान मुळी नाहीच, चाक फिरत नाही आणि बाण सुटत नाही, असे म्हणणाऱ्यांचा पक्षही पतंजलीने नोंदवला आहे. मराठी शाळेत ज्याला ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ म्हणतात, ते नाव त्यामुळे फार नेमके ठरते. अपूर्णता हाच त्या काळाचा प्राण आहे. पाणिनीने आणखी एक मुभा दिली: वर्तमानाला लागून असलेले भूत आणि भविष्य वर्तमानाच्या रूपात सांगता येते. दाराशी आलेला पाहुणा ‘हा येतोच आहे’ म्हणतो, उठू पाहणारा ‘निघतो आता’ म्हणतो. मराठी तर पुढे जाऊन न आलेल्यालाही ‘आलोच’ म्हणू देते.

मग उरते ‘असणे’. पर्वत उभे असतात, नद्या वाहतात; यांत आरंभही दिसत नाही आणि विरामही. अशा नित्य गोष्टींसाठीही पतंजली वर्तमानाचेच रूप मान्य करतो. इंग्रजीतही ‘द गोदावरी फ्लोज’ हे साध्या रूपात येते. ईश्वराबद्दलचे विधान या वर्गात बसते. ‘गॉड एक्झिस्ट्स’ला ‘नाउ’ जोडले की आधी नव्हता की काय, अशी शंका उभी राहते. ख्रिस्ती परंपरेत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या प्रकरणात ईश्वराचे असणे कधीही न सरणारा आज मानले, ते याच अडचणीतून. मराठवाडी बोलीनेही हे कुंपण राखले आहे: ‘देव आहे’ असे कोणीही म्हणेल, ‘देव असायलाय’ असे कोणी म्हणत नाही.

वारकरी मात्र या कुंपणापाशी थांबत नाही. विठ्ठल विटेवर उभा आहे, हे इंग्रजीत सांगायचे तर ‘स्टँड्स’ की ‘इज स्टँडिंग’? पुतळा, देऊळ, डोंगर यांना इंग्रजी सहसा ‘स्टँड्स’ लावते, ताटकळलेल्या माणसाला ‘इज स्टँडिंग’. पुंडलिकाच्या कथेत देव मूर्ती म्हणून उभा राहिलेला नाही. आईवडिलांची सेवा आटपेपर्यंत थांब म्हणून पुंडलिकाने वीट भिरकावली आणि देव थांबला. ते थांबणे आरंभलेले आहे, संपलेले नाही. म्हणून भक्ताच्या बाजूने योग्य क्रियाविशेषण ‘स्टिल’, आणि योग्य रूप ‘इज स्टँडिंग’.

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव मानले जाते. तिच्या परंपरेत तर विठ्ठल जात्यापाशी बसून तिच्याबरोबर दळतो. इथे देवाला ‘असणे’ सोडून कामाचे क्रियापद मिळाले, आणि बोलीतले ‘दळायलाय’ त्याला बिनदिक्कत लागले. नित्य ईश्वराला ‘नाउ’ सोसत नाही. दळण अर्ध्यावर असलेल्या विठ्ठलाचे वाक्य ‘नाउ’ घातल्याशिवाय पुरे होत नाही.