पाण्यात पाहणे

दुसऱ्याची नाव बुडावी असे मनात येणे, हे पाप आहे काय? हा प्रश्न मला गेल्या रविवारी पडला, तो आमच्या कन्येच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या तळ्याकाठी, बटाटेवडा खाताना.

स्पर्धा होती नाव बांधण्याची. आणि नाव कशाची, तर काँक्रीटची! "अगं, दगड कधी तरतात का?" असे मी म्हणताच, रामायण कोळून प्यायलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे फक्त पाहिले. कन्येने मात्र आर्किमिडीज काढला. नाव जेवढ्या वजनाचे पाणी बाजूला सारते, तेवढाच आधार पाणी तिला देते. बँकेच्या भाषेत, तेवढेच तारण! लाम्बो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४८ सालीच सिमेंटची होडी तरंगवली होती म्हणे. आणि अमेरिकेत तर कॉलेजांची अशी राष्ट्रीय स्पर्धा १९८८पासून आहे.

तिथल्याप्रमाणे इथेही एक दुष्ट परीक्षा होती. नाव पाण्याने भरून मुद्दाम बुडवायची. आपण होऊन वर आली तर पास. कन्येची नाव टोकांत कोंबलेल्या थर्माकोलच्या पुण्याईने डुलत वर आली. उरली एकच. ती खाली गेली आणि वर येईना.

मी आजवर कोणाला पाण्यात पाहिलेले नाही. पाहिले असेल, तर बढतीच्या यादीपुरते. पण त्या क्षणी मी देवच पाण्यात घालून बसलो. गणराया, राहू दे रे तिला तळाशी! मनाची समजूतही घातली, की इच्छेला वजन नसते. नुसत्या इच्छेने नाव बुडत नाही. मग पाप कसले? व्हाउचरच नाही, तर खात्यात नोंद कुठली?

एवढ्यात आरोळी आली, "ये ना गं! ये वर!" पाहतो तो आमचीच कन्या, प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात, गुडघाभर पाण्यात उभी. एकाच घरातून देवाकडे एकाच वेळी दोन उलटसुलट अर्ज!

नाव वर आली. पहिला नंबरही तिलाच मिळाला.

"तू कशाला ओरडत होतीस?" मी कन्येला विचारले.

"अहो बाबा, त्यांनीही दोन महिने सिमेंट कालवलंय की!"

माझा अर्ज नामंजूर झाल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.

परतताना सौभाग्यवतींनी विचारले, "मघाशी डोळे मिटून काय पुटपुटत होतात?"

"सगळ्यांचं भलं होऊ दे, म्हटलं."

हे मात्र पाप होते, याविषयी मला शंका नाही.